आधी कोण?

थोरल्या जाऊबाईंची रोजनिशी. मंगळवार, ९ डिसेंबर. थंडी मी म्हणते आहे. धाकटीच्या दवाखान्यात दोन नवे पेशंट: गिधाड आणि खवले मांजर. गरम खोली एकच.

धाकटी जाऊ वन्यप्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. गिधाडाने औषधं टोचलेलं मेलं जनावर खाल्लं होतं, ती औषधं त्याला विषासारखी बाधली होती. खवले मांजर चोरट्यांच्या पोत्यात सापडलं होतं. दोघांच्याही जाती संपत आलेल्या, पण स्वभावाने जमीन-अस्मान. एक मेलेलं खाऊन गावाची घाण काढतं, वर शिव्याही खातं. दुसरं मुंग्या-वाळवीवर जगतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी खवल्यांपायी जिवाला मुकतं. एकत्र ठेवावं, तर पंख फडफडले की खवले मांजर अंगाचा चेंडू करून आणखीच घट्ट मिटे.

"आधी कोणाला आत घ्यायचं? सकाळपासून तूच बघते आहेस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गिधाड धाकटीच्या अंगावर भडाभडा ओकलं.

"याला घ्या. याचे हाल बघवत नाहीत."

दुपारी तिने खवले मांजराला हात लावला. अंग गार. धडधाकट असताना ते असंच चेंडू होऊन बसतं, मरतानाही असंच. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि याला तर रडताच येत नव्हतं!

"बाई, घरी नेऊ? इथे पत्र्याखाली गारठून मरेल."

"वनखात्याच्या साहेबांना मी सांगते. ने. सकाळी मी येतेच."

दार उघडताच थोरल्या जाऊबाई दोन पावलं मागे सरल्या. "मांजर म्हणालीस ना फोनवर? मिशा कुठं आहेत याच्या? आणि तुला कसला गं हा वास?"

"गिधाडाचा. ताई, पाणी तापवा आधी!"

बाथरूममध्ये गोधडीवर खवले मांजराची पेटी ठेवली. भोवती गरम पाण्याच्या झाकलेल्या बादल्या. पाणी निवलं की बदलायचं. दोघी दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

"जिवंत आहे ना गं?"

"कळत नाही. ते ओकलं म्हणून मी त्याला निवडलं, ताई. हे गप्प होतं, म्हणून..."

"पुरे. ती कडेची बादली दे इकडे."

अंधार पडताना आत खवल्यांची बारीकशी खरखर झाल्यासारखी वाटली. थोरली म्हणाली, झाली. धाकटी म्हणाली, पेटी सरकली असेल.

थोरलीने त्या संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं: बाथरूम बंद. स्वयंपाकघरात ओल्या पंच्याने अंग पुसून घेतलं.