शेततळ्याचा कागद मी फाडला

दादाच्या शेततळ्याचा कागद मी फाडला, हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अमडापूरकडे आमची शेतं लागून आहेत, मध्ये एकच बांध. आणि कागद म्हणजे तळ्याच्या तळाला न् उतारांना अंथरतात ते जाड काळं प्लास्टिक. तो फाटला की तळं नुसता खड्डा.

एका बदकापायी फाडला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

त्या पावसाळ्यात माझी मिरची होती. मिरचीत पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतात. वाऱ्यानं एक खाली पडला होता आणि त्याला मुठीएवढं पिल्लू चिकटलं होतं. रानबदकाचं, हळदी-कुंकू म्हणतात त्याचं. आई बाकीची पिल्लं घेऊन नाल्यात उतरली होती. दुपारपर्यंत वाट पाहिली, ती काही आली नाही. वनखात्याला कळवायला हवं होतं. पण बायकोनं त्याला पदरात घेतलं होतं, आणि तिचं तोंड पाहून माझी हिंमत झाली नाही.

चिकटा निघावा म्हणून मी त्याला शेंगदाण्याचं तेल चोळलं. मग तेल काढायला पाण्यात फवारणीचं स्टिकर, म्हणजे साबणासारखं एक द्रव, टाकून त्यात धुतलं. मिरचीच्या गुळगुळीत पानावरून औषधाचा थेंब घसरू नये, पसरावा, म्हणून आम्ही पंपात स्टिकर मिसळतो. हाताचं ग्रीसही मी त्यानंच काढायचो. पिल्लू अगदी स्वच्छ निघालं. मला त्याचा अभिमानच वाटला, आणि दर दोन-तीन दिवसांनी मी त्याला तशीच आंघोळ घालू लागलो. आंघोळ झाली की ते तासभर कुडकुडायचं. बायको त्याला पुसत बसायची. जीव नाजूक आहे, असं आम्ही म्हणायचो.

टोमॅटोच्या कॅरेटमध्ये पोतं टाकून त्याची जागा केली. ज्वारीच्या कण्या, घोळीची पानं, बांधावरची गांडुळं खायचं. बायको निंदायला बसली की तिच्या मागं मागं मिरचीची ओळ संपेपर्यंत जायचं. ती त्याच्याशी बोलायची. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि घरात तिचा इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एक दिवस दादा बांधावर आला. बराच वेळ पाहत उभा राहिला.

"काय बे," मला म्हणाला, "पोट्टं झालं नाई तं बदक पोसून राह्यला का? बारसं कधी हाय?"

आणि हसला. बायकोचा खुरप्याचा हात थांबला. दादा तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याला उलट उत्तर द्यायची आमच्याकडे रीत नाही. तिनं पदर पुढं ओढला. मला तर कुठली रीत आडवी येत नव्हती, पण मीही गप्प बसलो.

"आन् हे पाह्य," जाता जाता दादा म्हणाला, "माह्या तळ्याकडं येऊ देऊ नको त्याले. कागदाले नखं लागतीन. आलं तं बुडवूनच टाकीन."

आश्विनात एका सकाळी दादाच्या तळ्यावर रानबदकांची जोडी उतरली. त्यांचा आवाज ऐकून आमचं पिल्लू बांध चढून पळालं. अंगावर अर्धे पंख, अर्धी लव. माझ्या पाठीवर पंप होता. पाठोपाठ दादाची आरोळी ऐकू आली. मी पोचलो तर तो काठावर गुडघे टेकून, पाण्यात बांबू घालून बसलेला. बांबूच्या टोकाला आमचं पिल्लू. भिजलेल्या चिंधीसारखं, मान लोंबलेली.

"काढून राह्यलो बे! बुडत व्हतं ते!"

"बदक बुडते का कुठं?"

"मले काय इचारतं? डोयानं पाह्यलं मी!"

खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं. बदक म्हणे बुडलं! मी पिल्लू उचललं आणि निघून आलो. बायकोनं ते मिरचीच्या कडेला पुरलं. दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शिवारात कुणी नव्हतं. भर दुपारी मी दादाच्या तळ्यावर गेलो. बांबू तिथंच पडला होता. त्याला सुतळीनं विळा बांधला, पुरेल तितका खोल घातला आणि ओढला. कागद फाटल्याचा आवाज येत नाही, हाताला कळतं. परत घातला, परत ओढला. तोंडानं मी पुटपुटत होतो, "घे बारसं. घे." हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. मला फार बरं वाटलं. घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.

पाणी रोज उतरू लागलं. रोज संध्याकाळी मी काही ना काही निमित्त काढून बांधावर जायचो आणि कालच्या ओल्या रेघेपासून पाणी किती खाली गेलं ते पाहायचो. दादा त्या पाण्यावर बियाण्याचा कांदा लावणार होता. चीर उघडी पडली तेव्हा त्यानं मलाच हाक मारून दाखवली.

"माह्याच हातानं झालं बे. तुहं बदक काढता काढता बांबू घुसला असंल."

"घुसला असंल," मी म्हणालो. "टोक चिरलेलंच व्हतं त्याचं."

त्या वर्षी त्यानं कोरडवाहू हरभरा पेरला. आजूबाजूच्या शेतांत कांद्याचे पांढरे गोंडे डोलायचे, आणि मी दादाचा खुरटा हरभरा पाहत बिडी ओढायचो.

दोन वर्षांनी असाच फवारणी करत होतो. नाल्याच्या काठी बदकाचं एक पीस सापडलं. सहज म्हणून ते साध्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. वर काढलं तर कोरडं, थेंब घरंगळून गेले. शेजारी औषध न् स्टिकर कालवलेली बादली होती. तिच्यात टाकलं. पीस चिपकून दोरीसारखं झालं आणि हळूहळू खाली गेलं. थेंब घसरू नये, पसरावा. हे मीच पंधरा वर्षं मजुरांना शिकवत आलो होतो. पिल्लाच्या अंगावरचं पाणी न धरणारं जे काही होतं, ते मीच दर दोन-तीन दिवसांनी धुऊन काढत होतो. बदक खरंच बुडालं होतं. दादा खरं बोलला होता.

हे कळल्यावरही आठ महिने मी तोंड उघडलं नाही. शेवटी बायकोला सांगितलं, सगळं, विळ्यासकट.

"रोज पुसायची मी त्याले," ती म्हणाली. "मले कळाले पायजे व्हतं." मग म्हणाली, "भासऱ्यायले सांगा. आजच."

दादा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. कागदाचं ऐकून त्यानं शिवी घातली, पण नळी सोडली नाही. स्टिकरचं सांगितलं तेव्हा थांबला.

"म्हंजे इतके दिवस तू मले त्याचा जीव घेनारा समजत व्हता? आन् माह्या घरी येऊन चहा पेत व्हता?"

"हो."

"गुडघ्यावर पडून काढत व्हतो बे मी त्याले!" त्याचा आवाज फाटला.

इथं मी माफी मागायची होती, तेवढ्यासाठीच तर गेलो होतो. पण तोंडातून निघालं, "तू बारसं म्हनला व्हता."

"कोनतं बारसं?"

त्याला आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं, आणि डोकं फिरलं. मी ते वाक्य त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्याच्याच आवाजात, त्याच्याच हसण्यासकट.

दादा नळ्यांच्या वेटोळ्यावर बसला. माझ्या शेताकडं पाहत राहिला. तिकडं बायको मिरची तोडत होती.

"तिनं ऐकलं व्हतं?"

"बाजूलेच तं व्हती."

त्यानं डोक्याचा रुमाल काढला, परत बांधला. बघता बघता म्हातारा दिसू लागला. कागद फाडून जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं होतं, आणि मला ते आवडलं. बांध ओलांडून मिरचीच्या अर्ध्या ओळीपर्यंत आल्यावर आठवलं की माफी मागायची राहून गेली. मी परत फिरलो नाही.