'झालं' म्हटल्यानंतरचा फोटो

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर साहेब लोकांना फसवून पोट भरलं.

सुधाकरना जाऊन आज वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

मुलुंडला आमचा स्टुडिओ होता. लग्न, मुंज, पासपोर्ट, सगळं करायचे. पण त्यांचा जीव साहेबांच्या फोटोत.

ऐंशीच्या दशकात कंपन्यांना स्मरणिका काढायची हौस होती. त्यात प्रत्येक मॅनेजरचा फोटो हवा. तोही त्याच्या केबिनमध्ये, त्याच्या खुर्चीत.

भांडुपचे कारखाने, अंधेरीची ऑफिसं, घाटकोपरचे डॉक्टर आणि वकील. रिक्षात लाइट, स्टँड, लाइटवर लावायची छत्री. आणि मी.

माझं काम थर्माकोल धरायचं. मोठा पांढरा शीट. साहेबाच्या काळोखातल्या गालाजवळ धरला की तिकडे उजेड पडतो.

साहेब मीटिंगमधून येईपर्यंत मी बाहेर बसून वाचनालयाचं पुस्तक वाचायचे. शिक्षण फार नाही माझं. जे काही वाचन झालं ते लोकांच्या रिसेप्शनमधल्या सोफ्यावर.

साहेब सगळे सारखेच बसायचे. एका हातात पेन, दुसऱ्या हातात रिसीव्हर. फोन डेड असला तरी कानाला.

सुधाकर हवे तसे फोटो काढून द्यायचे. मग म्हणायचे, "झालं साहेब. थँक यू."

साहेब हुश्श करायचा. टाय सैल. चष्मा काढून डोळे चोळायचा, खिडकीबाहेर बघायचा.

आणि सुधाकर एका हाताने बॅग आवरत, कॅमेऱ्याकडे न बघता, दुसऱ्या मुठीतलं, कॅमेऱ्याला जोडलेल्या केबलचं बटण दाबायचे.

तो खरा फोटो.

पहिल्या दिवशी "झालं" ऐकून मी थर्माकोल खाली ठेवला. बाहेर आल्यावर बोलणी खाल्ली.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना झालं?"

"ते त्यांना. तुला नाही. मी झालं म्हटलं की तू अजिबात हलायचं नाही."

त्यानंतर मी कधी हलले नाही.

एकदाच वाट लागायची वेळ आली.

रंगाच्या कारखान्यात प्रधान म्हणून जनरल मॅनेजर होते. कडक माणूस. त्यांचे दोन्ही फोटो कंपनीत गेले, फोनवाला आणि नंतरचा. स्मरणिकेसाठी ऑफिसने नंतरचा निवडला. चष्मा हातात, डोळे थकलेले, ओठांवर उगाच थोडं हसू.

प्रधानांनी बोलावून घेतलं. मीही होते.

"हा काय प्रकार आहे? मी रेडी नव्हतो."

"म्हणूनच चांगला आलाय, साहेब."

"ही चीटिंग आहे! निगेटिव्ह इथे आणून द्या. नाहीतर या रोडवरच्या एकाही कंपनीत तुम्हाला पाय ठेवू देणार नाही."

आमचं अर्धं काम त्या एका रोडवर होतं. मी यांच्या शर्टाची बाही ओढली.

हे शांत. "छापायला फोनवालाच देतो, साहेब. पण हा एकदा घरी दाखवा. बाई नको म्हणाल्या तर निगेटिव्ह तुमच्यासमोर कापतो."

रिक्षात मी चिडले. "एका फोटोसाठी धंदा घालवताय?"

"फोटोसाठी नाही गं. तो माणूस तसाच आहे."

"असेल! तुम्हाला काय करायचंय?"

हे मांडीवरची बॅग नीट करायला लागले.

दुसऱ्या दिवशी प्रधानबाई स्वतः स्टुडिओत आल्या. हातात भाजीची पिशवी आणि तो फोटो. मी मनात म्हटलं, संपलं.

"हा मोठा करून द्या. बारा बाय पंधरा. फ्रेमसकट."

हे म्हणाले, "पण साहेब..."

"साहेबांना काय कळतंय? तो फोनवाला कंपनीचा. हा माझा."

एवढं बोलून वर विचारलं, "फ्रेम सागवानी मिळेल ना?"

स्मरणिकेत फोनवाला छापला गेला. काम टिकलं. मोठा केलेला फोटो प्रधानांच्या हॉलमध्ये लागला. त्यांनी तो उतरवला नाही.

पण गुपित फुटलं. त्या रोडवरचे साहेब "झालं" ऐकूनही ताठ बसायला लागले. "काय सुधाकर, झालं ना? की अजून व्हायचंय?"

मग हे दोनदा म्हणायला लागले. पहिल्या "झालं"ला साहेब हसायचा, बसून राहायचा. हे बॅगेची चेन लावायचे, माझ्याशी दुधाचं वगैरे बोलायचे. मग "आता खरंच झालं, साहेब." आणि नंतर क्लिक.

मी तोपर्यंत थर्माकोल धरून. हात भरून यायचे.

या लेखासोबत फोटो हवा म्हणून मुलीने त्यांचा पासपोर्टचा लावलाय. त्यात ते ताठ बसलेत. त्यांना आवडला नसता.

गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये दुपारी त्यांचा हात माझ्या हातात होता. दोन दिवस बोलले नव्हते. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "झालं."

मी हलले नाही.

थोड्या वेळाने नर्स आली. मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, सोडा आता हात."

मी म्हटलं, "थांब गं जरा. ते दोनदा म्हणतात."

ती बिचारी थांबली.

अहो, बॅग भरून झाली असेल तर निघा तुम्ही. नीट जा.

मी अजून थोडा वेळ धरून उभी आहे.