शहाणी म्हणवून घेण्याचे दिवस

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही खालापूरजवळच्या लहानशा गावात राहायचो, बाबा रसायनीला कारखान्यात जायचे. काविळीनं आई पंधरा दिवसांत संपली. मी रडले नाही. शाळेतून आले की चूल पेटवायची, तांदूळ निवडायचे, धाकट्या बहिणीची वेणी घालायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, "पोर किती शहानी झाली गं!" मला बरं वाटायचं. आईपर्यंत ते पोचत असेल असं वाटायचं.

शाळेतल्या बाई मात्र कौतुक करीनात. मी मधल्या सुट्टीत खेळत नव्हते, डबा तसाच परत नेत होते आणि कानामागचे केस एकेक करून उपटत होते. एका रविवारी त्या चालत घरी आल्या.

"शहानी हाय पोर, बाई," बाबा म्हणाले. "एकदा पन रडली नाय."

"तेच सांगायला आले. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या मुलांशी नुसतं बोलतात. हिला घेऊन जा."

"माजी पोर येडी नाय!"

बाईंनी मला जवळ ओढून वेणी सोडली. कानामागं बोराएवढं टक्कल होतं. बाबा बघतच राहिले.

रजा टाकून ते मला शिळफाट्यावरून एसटीनं घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली नाही, कागद आणि रंगीत खडू दिले. तीन खेपा मी नुसतं घर काढलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "यात आई कुठं आहे गं?"

"तिला टेंपोतनं दवाखान्यात नेत होते," मी म्हणाले. "ती हाक मारत होती. मी लगोरी खेळत होते. गेलेच नाही."

आणि मग मला असं रडू फुटलं, की बाहेरच्या बाकावरून बाबा धावत आत आले. सगळं ऐकून खाली बसले.

"हाक मारली खरी. पन मंग तीच म्हनाली, 'खेळू द्या तिला.' मी तुला सांगाया पायजे हुतं गं."

हळूहळू केस आले. मी बहिणीशी भांडायला लागले, भाकरी करपवायला लागले, मनात येईल तेव्हा रडायला लागले. पोर बिघडली, असं बायका म्हणाल्या.

आता मी आईच्या वयाच्या कितीतरी पुढं आले आहे. तिचे हात आठवतात, लुगड्याचा काठ आठवतो. आवाज तेवढा आठवत नाही. किती प्रयत्न केला, तरी नाही.