नकाशावरचा लाल ठिपका

वामन सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी मस्तगडच्या बाजारात भाजी घेत होतो. पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. आठवड्यापूर्वीच भेटलो होतो. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाले होते, "तो ठिपका अजून दिसून राह्यला हो मला..." कोणता, ते मला विचारावं लागलं नाही.

सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, मी मराठी. माणूस हौशी आणि तितकाच हट्टी. जिल्ह्यातल्या चोऱ्यांच्या नोंदी मिळवून त्यांनी कॉम्प्युटरवर घातल्या, एकमेकींशी जुळणाऱ्या चोऱ्यांचे पुंजके केले, मग गावांची क्रमवारी लावली. "चोर तुमच्या गणिताला भितात का?" म्हणून मी त्यांना छळायचो. ट्रकमधल्या मालाच्या चोरीत हायवेवरचं, गोदाकाठचं एक गाव सगळ्यात वर आलं. गावाचं नाव लिहीत नाही. एकदा यादीत येऊन गेलं तेवढं पुरे. नकाशावर तिथं लाल ठिपका पडला, तो पेपरात छापून आला आणि धरपकड सुरू झाली. गोदेवरच्या पुलाजवळच्या सखाराम पंक्चरवाल्याला पोलिसांनी नेलं, मारलं, काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं.

हे कानावर आलं तसे सर स्वतः जाऊन पुलापाशी उभे राहिले. गंगामाईला हात जोडायला ड्रायव्हर पुलाअलीकडं ट्रक थांबवतात. उतरलेच आहेत तर गाडीभोवती एक फेरी मारतात. ताडपत्रीचा दोर कापलेला दिसतो तो तिथं, म्हणून तक्रारही तिथलीच. चोरी झालेली असते मागं कुठंतरी. सरांनी चोरी कळल्याची जागा हीच चोरीची जागा धरली होती. त्यांनी पेपरात खुलासा दिला, तो कुणी वाचला नाही. सखारामकडं गिऱ्हाईक फिरकेना. पुढं सर दर रविवारी एसटीनं त्याच्या दुकानी जाऊन बसायला लागले. मला ते वेड वाटायचं, रागही यायचा. हा माणूस स्वतःला जाळून घेतोय, असं वाटायचं.

दिवसकार्य झाल्यावर मी सखारामकडं गेलो. त्यानं बसायला जुना टायर पुढं सरकवला.

"इथंच बसायचे सर. आल्या-गेल्याला सांगायचे, चूक माझी हाय, ह्याची न्हाई." त्यानं पान्हा हातात घेतला. "मंग आता कोण सांगंल, मी चोर न्हाई म्हणून?"

तेवढ्यात पुलाअलीकडं एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं उतरून नदीला हात जोडले आणि गाडीभोवती फिरत तो दोर चाचपू लागला. सखारामनं हातातला पान्हा खाली ठेवला, दुकानात गेला आणि आतून दार लावून घेतलं.