खिशातले फ्यूज आणि खासगी करार

आमच्या शेजारचा लाइनमन मूळचा धुळ्याकडचा. सिल्वासात तो कारखान्यातल्या नोकरीसाठी आला आणि विजेच्या खांबावर चढला. वीज सरकारी होती तेव्हा तो ठेकेदाराचा माणूस होता. वीज खासगी कंपनीकडे गेली तेव्हा तो कंपनीचा कायम कर्मचारी झाला. खांब तेच राहिले.

या लोकांचा एक रिवाज आहे. खांबावर चढण्याआधी डीपीच्या पेटीतले चिनी मातीचे फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. मग आपण वर असताना खालून कोणी वीज सोडू शकत नाही. ज्याने काढले त्यानेच ते परत बसवायचे. मधल्या वेळात दुसऱ्याने दुसरे फ्यूज बसवले, तर त्या माणसाबरोबर पुढे कोणी कामाला जात नाही.

एका दुपारी शेजाऱ्याने सुरंगी गावात तुटलेली तार जोडली, तो खाली उतरला आणि फ्यूज खिशात तसेच घेऊन रांध्याला भाचीच्या हळदीला गेला. डीजेच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. सुरंगीत पिठाची गिरणी बंद पडली, पाण्याचा पंपही बंद पडला. कंपनीने दोन लाइनमन पाठवले. पेटी रिकामी पाहून ते आजूबाजूच्या खांबांवर माणूस शोधत फिरले. कोणी नव्हते. तरीही त्यांनी नवे फ्यूज बसवले नाहीत.

"वर कोणी दिसत नाही ना? मग सोडा सप्लाय," अभियंता फोनवर म्हणाला.

"साहेब, तुम्ही या अन् तुम्हीच सोडा," एकाने उत्तर दिले. अभियंता आला नाही.

संध्याकाळी शेजाऱ्याला मांडवातून आणले तेव्हा त्याच्या गालाला हळद लागलेली होती. फ्यूज त्यानेच बसवले. पुढे चौकशी झाली आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. आदेशात कारण दिले होते: अत्यावश्यक लोकसेवेत खंड पाडला. यापुढे असे घडू नये म्हणून कंपनीने लाइनमनना बिनखिशाचा गणवेश शिवून दिला.

"लोकसेवा म्हणे," त्याची बायको म्हणाली. ती सूत कारखान्यात पाळीवर जाते. "अन् लोकसेवक मांडवात नाचत होते."

त्याने मात्र तो शब्द धरून ठेवला. "लोकसेवा आहे असं त्यांनीच लिहिलंय, भाऊ. मग आपण थेट हायकोर्टात." नोकरी परत हवी, बाकी काही नको, असे त्याने वकिलांना सांगितले. सुनावणीला मुंबईला जाताना त्याने मला सोबत नेले.

कंपनीच्या वकिलांनी सांगितले की कंपनी खासगी आहे आणि नोकरीचा करारही खासगी आहे. तो करार कोणत्याही कायद्याने बांधलेला नाही, म्हणून हायकोर्टात रिट याचिका चालणार नाही.

"वीजपुरवठा सार्वजनिक काम नाही?" न्यायमूर्तींनी विचारले.

"आहे. ग्राहकांपुरतं."

याचिका फेटाळली गेली. कामगार न्यायालयाचा मार्ग मोकळा असल्याचे आदेशात म्हटले होते. निकालात चूक काढण्यासारखे काही नव्हते. बाहेर व्हरांड्यात त्याच्या वकिलांनी समजावले: "सुरंगीच्या गिरणीवाल्याची वीज कंपनीने मनमानी करून तोडली, तर तो इथे येऊ शकतो. तुमची नोकरी तोडली, तर तुम्ही नाही."

"म्हणजे खाली असताना मी खासगी, अन् वर चढलो की सार्वजनिक?"

"वर चढल्यावर काम सार्वजनिक. तुम्ही खासगीच."

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. "आपल्या घराची लाइट त्यांनी उगाच तोडली तर जाता येतं ना मुंबईला?"

"येतं."

"मग तुमच्यापेक्षा आपला बल्ब बरा."

कामगार न्यायालयात पुराव्याची पहिली तारीख लागली. कामकाज सुरू होण्याआधीच वीज गेली आणि न्यायाधीश आपल्या दालनात गेले. कंपनीच्या वकिलांनी स्वतःच कंपनीला फोन लावला. दोन लाइनमन आले, सुरंगीला गेलेलेच. आवाराच्या कोपऱ्यात डीपी होती. एकाने पेटीतले फ्यूज काढले आणि सवयीने हात मांडीकडे नेला. तिथे खिसा नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि फ्यूज आमच्या शेजाऱ्याच्या हातात दिले.

सुनावणीसाठी आलेला कंपनीचा अधिकारी पुढे झाला. "अरे, बडतर्फ माणूस आहे तो."

"मग तुमच्याकडे देऊ?" लाइनमन शिडीवरून म्हणाला. "मी उतरेपर्यंत हलायचं नाही पण. फोन आला तरी नाही."

अधिकाऱ्याने हातातल्या फोनकडे पाहिले आणि तो मागे सरला.

काम होईपर्यंत शेजारी डीपीजवळ उभा होता. फ्यूज त्याने दोन्ही हातांत धरले होते. लाइनमन उतरला, त्याने फ्यूज परत घेतले आणि बसवले. पंखे फिरू लागले, पुकारा झाला. कंपनीच्या वकिलांनी पहिलाच मुद्दा मांडला: या माणसावर जबाबदारीचे काम सोपवता येत नाही.

दाराशी उभ्या असलेल्या दोन लाइनमनपैकी एकजण हसला. शिपायाने त्याला बाहेर काढले. प्रकरणाला पुढची तारीख मिळाली.