तोड्याची बंदूक आणि माझी फुंकर

नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी आम्ही जपानमध्ये त्सुकुबाला आलो आणि मी तिथे बंदूक चालवायला शिकले. फोनवर हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू भाषा शिकणार होतीस ना?" भाषेचा क्लासही होताच. पण क्लासमध्ये कुणी चिलखत देत नाही.

बंदूक खरी होती, जुन्या काळची, तोड्याची. तोडा म्हणजे धुमसती दोरी, तिच्या निखाऱ्यावर बार उडतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा अशा बंदुका उडवणाऱ्या हौशी तुकडीचे प्रमुख होते. सगळे त्यांना ताइचो म्हणायचे. मी एकदा प्लास्टिकचा कचरा भलत्याच दिवशी ठेवला, तेव्हा समजवायला आले आणि बोलता बोलता मला तुकडीत भरती करून गेले. परवानग्यांची कटकट त्यांनीच निस्तरली. गोळी नसायचीच. नळीत काळी दारू ओतायची, गजाने ठासायची आणि जत्रेत चिलखत घालून किल्ल्यासमोर रांगेत उभं राहून बार काढायचा. माझे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

ताइचो एकदा चहाला आले तेव्हा नवऱ्याने सल्ला दिलाच. "अजून काळी दारू? बिनधुराची वापरा की. अपग्रेड करा." मी भाषांतर केलं. ताइचो इतके हसले की चकलीचा तुकडा घशात अडकला. बिनधुराच्या दारूचा जोर ही जुनी नळी सोसणार नाही, म्हणाले, फुटेल आणि आपलीच बोटं जातील. शिवाय धूर नसेल तर लोक बघायला येतील कशाला? नवरा "लेगसी सिस्टीम" असं पुटपुटत भांडी घासायला गेला.

सरावात मात्र माझं घोडं पेंड खायला लागलं. बार काढण्याआधी तोड्यावरची राख उडवायला सगळे त्यावर जोरात फुंकर मारतात, मग तो लालबुंद होतो. मी हाताने वारा घालत होते. देवापुढची समई असो की उदबत्ती, तोंडाने फुंकायची नाही, हे लहानपणापासून हाडीमाशी मुरलेलं. ओठांचा चंबू व्हायचा, पण फुंकर काही निघायची नाही. राख तशीच राहायची आणि चाप ओढला की नुसतं खट्ट. तुकडीचा नियम साफ होता. रंगीत तालमीत ज्याचा बार उडणार नाही, त्याने जत्रेत झेंडा धरायचा.

मला झेंडा धरायचा नव्हता. पुण्यातल्या निम्म्या सोसायटीला सांगून झालं होतं. "केकवरच्या मेणबत्त्या बऱ्या फुंकतेस," नवरा म्हणाला. ते वेगळं, म्हटलं. का वेगळं ते सांगता येईना, म्हणून त्याच्याशी भांडले.

रंगीत तालमीतही खट्टच झालं. झेंडा धरण्यापेक्षा तुकडीच सोडावी म्हणून दुसऱ्या दिवशी चिलखत परत करायला ताइचोंकडे गेले, रडकुंडीला आलेली. ते बायकोच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते. पेटली तशी त्यांनी हात हलवून ज्योत विझवली. मला हसूच फुटलं, त्या फोटोपुढे, सगळी लाजलज्जा सोडून. मग मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. त्यांनी फोटोकडे बोट केलं. "इथे फुंकर मारली असती तर हिने घर डोक्यावर घेतलं असतं," म्हणाले, आणि चिलखत माझ्याच हातात परत दिलं.

जत्रेत मी रांगेत उभी होते, शिरस्त्राण नाकावर घसरलेलं. दारू ठासून झाली. हुकूम झाला आणि सगळ्यांनी तोड्यावर फुंकर मारली. मी हात हलवला. तेवढ्यात ताइचो जागा सोडून रांगेतून चालत आले, इशारा करायचा तो मोठा पंखा घेऊन. माझ्यासमोर थांबले आणि कणसं भाजणाऱ्यासारखा तोड्याला सपासप वारा घातला. राख उडाली ती थेट त्यांच्या मिशांवर. तोडा लाल झाला. ते तितक्याच गंभीरपणे जागेवर परत गेले आणि बार काढायचा इशारा म्हणून तोच पंखा खाली आणला.

माझा बार उडाला. खांद्यापासून टाचांपर्यंत मी हादरले आणि आनंदाने वेडी झाले.

नवऱ्याने शूटिंग केलं होतं. पुण्याला गेलो तेव्हा सासूबाईंना दाखवलं. धडाम आवाज आणि पडदाभर पांढरा धूर. "तरी म्हणत होतो, बिनधुराची," नवरा म्हणाला.

"यात तू कुठे आहेस?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबा, ऐका," मी म्हटलं. धुरातून एक बाई हसत होती आणि तिच्या पाठोपाठ एक म्हातारा.