चिंचेजवळचं घर

कुरियर कंपनीकडचे जुने पत्ते साफ करणं हे आमचं काम. जे झाड, जी टॉकीज आता उरली नाही, ती पत्त्यातून पुसायची. आपल्याकडे माणूस घर-नंबरात राहतच नाही, कशाच्या तरी शेजारी राहतो. आणि नेमका तो शेजारच आधी जातो.

काल पलीकडच्या टेबलावर मीनलचा फोन स्पीकरवर होता. "मावशी, रस्तारुंदीत ती चिंच तोडली ना? मग पत्त्यातूनही काढते."

"नको गं बाई," थकलेला आवाज आला. "माझा मुलगा रागावून घर सोडून गेला, तेव्हा चिंच होती. कधी काही पाठवलंच त्याने, तर 'चिंचेजवळ' असंच लिहील."

मीनलने फोन ठेवला. मग तिने यादीत त्या पत्त्यापुढे शेरा लिहिला: पत्ता बरोबर आहे.